टेकचंदच्या बल्ल्या आणि सुलोचनाबाईंचा आंबा

दिघोरीच्या सुलोचनाबाईंचा देवावर विश्वास होता, माणसांवर नव्हता. दूधवाल्याचं दूध त्या आधी बोटावर घेऊन बघत आणि पाहुण्याने गोड बोलायला सुरुवात केली की मनात म्हणत, याचं काहीतरी काम आहे. त्यात त्यांच्या बांधावरचा आंबा उभ्याचा उभा वाळला. त्याच्या बुंध्याशी कुणाच्या तरी स्लॅबला टेकू द्यायच्या बल्ल्या, म्हणजे लाकडी वासे, सालीसकट पडून होत्या. सालीतली कीड अशीच गावोगाव फिरते, असं कृषी सहायकाने सांगितलं. सरकारी माणसाची ही एवढी एकच गोष्ट बाईंना पटली.

आता उरला अंगणातला एकच आंबा. सासूने लावलेला. अख्ख्या गल्लीचं लोणचं त्याच्याच कैऱ्यांचं.

म्हणून शेजारच्या टेकचंदच्या घरकुलापुढे बल्ल्यांची गाडी थांबली, तेव्हा बाई पदर खोचून हजर.

"कोठून आणल्या रे ह्या?"

"ठेकेदारानं धाडल्या, काकी. मले का मालूम?"

"मालूम नाही म्हणूनच इचारून राहिली. साल सोलल्याबिगर एक बल्ली उभी होऊ देत नाही मी!"

बाईंच्या तोंडी कोण लागणार? टेकचंद मुकाट्याने सोलायला बसला. बाईंनी एकेक बल्ली उलटीपालटी करून पाहिली. सालीचा ढीग झाला, तशी टेकचंदने आगपेटी काढली.

"थांब! एवढं सरपण रस्त्यावर जाळतोस काहून? आंघोळीचं पाणी तापन ना!"

चुलीवर जन्म काढलेली बाई वाळकी काडी दिसली तरी वाकते. इथे तर ढीग होता. बाईंनी टोपल्या भरभरून साल घरी नेली आणि पाऊस लागू नये म्हणून पडवीत, आंब्याला लागूनच रचली.

दिवाळीच्या सुमाराला आंब्याच्या बुंध्याला भोकं दिसली. खाली भुसा, वर डिंक. बाईंचं डोकं फिरलं. टेकचंदने नक्की दोन-चार बल्ल्या न सोलता लपवल्या! त्याच्या दारात जाऊन त्यांनी त्याचा असा उद्धार केला की त्याच्या बायकोने बोलणंच टाकलं.

पुढे एका सकाळी सून रीता चुलीत साल घालत होती. एक तुकडा मोडला आणि आतून पांढरी, जाड अळी राखेत पडली.

"माय, इकडं या जरा."

पडवीतला ढीग उचकला, तर साल आतून पोखरलेली.  बाईंना अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

त्या तशाच टेकचंदकडे गेल्या. "कीड मीच आणली रे बाबू. आळ मात्र तुह्यावर घेतला."

टेकचंद घरात गेला. तार आणि रॉकेलचा बोळा घेऊन आला. भोकांत तार घालून अळ्या ओढता ओढता म्हणाला, "माफी राहू द्या काकी, चिखल द्या. भोकं लिंपाची आहेत."

आंबा वाचला, पण अर्धाच. मोठा फांदा तोडून, सालीच्या ढिगासकट जाळावा लागला.

आता बाई डोक्यावर मोळी घेऊन आल्या की रीता दारातच आडवी होते. "माय, खाली ठेवा. पाहू द्या." आणि जिने जन्मभर दुसऱ्यांचं तपासलं ती बाई मोळी उतरवते आणि सुनेचं पाहून होईस्तोवर बाहेर उभी राहते.