कुणाच्याही हुकमाशिवाय

आमच्या घरमालकांइतका माणसाचा अंत पाहणारा माणूस बंगळूरच्या अख्ख्या बसवनगुडीत दुसरा नसेल. कित्येक पिढ्यांपूर्वी इथे येऊन राहिलेल्या मराठी घरातले, आयुष्यभर शरीरशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हे अण्णा भेटल्यावर नमस्कार करत नाहीत, थेट मनगट धरतात. दूधवाला, पोस्टमन, मतं मागायला आलेला उमेदवार, कुणाचीच सुटका नाही. उमेदवाराला तर त्यांनी विचारलं होतं, "नाडी फार पळतेय. जिना चढून आलात म्हणून, की आत्ता जे बोललात त्यामुळे?"

मला ते जिन्यात अडवतात. "हृदयाची पेशी म्हणजे आपलं घर समज. सोडियम रस्त्यावर गर्दी करून उभं, पोटॅशियम आत. फाटक उघडलं की सोडियम घुसतं, विद्युतभार पालटतो. मागोमाग कॅल्शियम येतं, पेशी आकसते. मग पोटॅशियम बाहेर पडतं आणि सगळं शांत. स्वल्प थांब गं, पुढचं ऐक!" तोवर माझ्या हातातल्या दह्याचं ताक झालेलं असतं.

एकदा सफाई कामगारांच्या मोर्च्यासाठी मी पत्रक लिहिलं: 'हृदयाच्या हुकमाने चला!' अण्णांनी ते लाल शाईने रंगवलं. "हृदयात हुकूम कुठला, पोरी? वरच्या कोपऱ्यातल्या काही पेशींत भार आपोआप झिरपत राहतो, पातळी गाठली की ठिणगी पडते. ती शेजारणीला, ती तिच्या शेजारणीला. जी आधी पेटली ती पुढारीण. ती थकली तर खालच्या काम चालवतात, सावकाश का होईना." मोर्चा निघायची वेळ झाली होती आणि मी सोडियमवर भांडत होते!

पुढे त्यांचीच पुढारीण थकली. भाजी घेताना ते चक्कर येऊन पडले. डॉक्टर म्हणाले, पेसमेकर बसवा, नाहीतर एखाद्या चकरेतून उठणार नाही. अण्णा अडून बसले. "बाहेरचा हुकूम मी चालवून घेणार नाही."

माझं डोकंच फिरलं. "अण्णा, ते यंत्र नुसतं ऐकत बसतं. तुमच्या पेशी बोलल्या तर गप्प, कुणीच पेटलं नाही तरच ठिणगी टाकतं. मोर्च्यात सगळ्यांत मागे एक कार्यकर्ता चालतो ना, कुणी पडलं तर धरायला? तो आहे तो!"

त्यांनी स्वतःचं मनगट धरून ठोके मोजले. मग म्हणाले, "सरी, बरोबर आहे. हे पत्रक जमलंय."

पेसमेकर बसवल्यापासून जिन्यात ते स्वतःचंच मनगट पुढे करतात. "बघ गं, हा ठोका कुणाचा? माझा की त्याचा?"

बोटांना ते कळत नाही, हे त्यांनीच मला शिकवलंय.

"तुमचाच, अण्णा," मी ठासून सांगते. आणि माझा एक अनुस्वारही न सोडणारे अण्णा ही चूक तेवढी काढत नाहीत.