वाऱ्याला फोन नंबर नसतो

कर्जतला उतरले, तेव्हा सकाळ नुकत्याच घासलेल्या पितळी तांब्यासारखी लखलखत होती. स्थानकाबाहेरच्या वडेवालीने दोन वडे कागदात बांधून हातावर ठेवले. तेलाची ऊब तळव्यात उतरली. लोधिवलीच्या बाजूच्या एका लहान गावात माझी शाळेपासूनची मैत्रीण सुनंदा आरोग्यसेविका आहे. "भातं पिकलीत, एक दिवस जेवायलाच ये," एवढेच ती फोनवर म्हणाली होती. पुढे काय वाढून ठेवले आहे, याचा उल्लेख तिने कटाक्षाने टाळला होता.

टमटममध्ये (सहा आसनांच्या रिक्षात) जागा मिळाली. दहिवलीला एक आजी डालगे (कोंबड्या झाकायची टोपली) घेऊन चढल्या आणि त्यातली तांबडी कोंबडी त्यांनी सरळ माझ्या मांडीवर ठेवली.

"धर गं बाय, जीव घुसमटतो तिचा. चावत नाय ती."

ती चावली. दुसऱ्या बाजूला निळ्या सदऱ्यातले एक गंभीर गृहस्थ बसले होते. त्यांच्या रुमालाला निलगिरीच्या तेलाचा थंड, टोकदार वास होता. मी एक वडा पुढे केला. ते दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा त्यांनी घेतला. मिरची दाताखाली येताच त्यांच्या कानांच्या पाळ्या जास्वंदीसारख्या लाल झाल्या. बाहेर लोंब्यांनी वाकलेली शेते सरकत होती. वाऱ्याला ओल्या तांदळाचा गोडसर गंध होता. गृहस्थ एका फाट्यावर उतरून गेले.

उपकेंद्राच्या पायरीवर सुनंदा उभी होती, हातात मास्क आणि पायघोळ हिरवा झगा.

"आलीस? घाल हे. आजपास्नं तू आजारी हायेस."

साथ आली तर किती तयारी आहे, हे पाहण्यासाठी त्या दिवशी रंगीत तालीम होती. आजार खोटा, पण रुग्णाला वाटेत भेटलेली माणसे खरी, आणि ती चार वाजेपर्यंत शोधून काढायची. गावात रुग्ण व्हायला कोणी तयार नव्हते. मागच्या तालमीतला रुग्ण म्हैस सुटल्याचे ऐकून स्ट्रेचरवरून उठला आणि सलाइनच्या नळीसकट पळाला. तेव्हा शेरा वाईट मिळाला होता. पुन्हा मिळाला, तर सुनंदाला सोमवारपासून पंधरा दिवस अलिबागला प्रशिक्षणासाठी जावे लागणार होते, आणि गुरुवारी तिच्या लेकीचा साखरपुडा होता.

"आठवून सांग गं," ती काकुळतीने म्हणाली. शेजारी गावची आशा कार्यकर्ती मंदा संपर्कांचा तक्ता घेऊन बसली.

मी डोळे मिटून सुरुवात केली. "प्रथम भेटला तो वारा. त्याच्या स्पर्शात..."

"वाऱ्याला फोन नंबर नसतो, ताई," मंदा म्हणाली. "मानूस सांगा."

वडेवाली अर्ध्या तासात फोनवर सापडली. टमटमवाला चहाच्या टपरीवर सापडला. आजी तर स्वतःहूनच हजर झाल्या, कोंबडीसह.

"हिलापन तपासा. काल दोनदा शिंकली."

"कोंबडीचं नाव काय लिहू गं सिस्टर?" मंदाने विचारले.

"काय नको लिहू!" सुनंदा कडाडली. तिचे लक्ष घड्याळाकडे होते. उरला होता चौथा माणूस, आणि त्याच्याविषयी माझ्याकडे एक वास आणि दोन लाल कान एवढीच सामग्री होती.

साडेतीनला जिल्ह्याहून परीक्षक आले. नखशिखान्त पांढऱ्या झग्यात, नाकावर मास्क. तक्ता पाहून म्हणाले, "चौथा नाही? मग नापास. नियम म्हणजे नियम."

"साहेब, अजून अर्धा तास हाय," सुनंदाचा आवाज ओला झाला.

घाम पुसायला त्यांनी रुमाल काढला. माझ्या मास्कच्या तिन्ही पदरांतून एक थंड, टोकदार वास आत शिरला. मी खाटेवरून उठले आणि रुग्णाला न शोभेल अशा वेगाने जाऊन त्यांचा रुमाल हुंगला.

"वडा तिखट होता ना?" मी विचारले.

त्यांनी रुमाल घाईने मुठीत दडवला. मग टोपीच्या कडेखालून कानांच्या पाळ्या हळूहळू उमलू लागल्या.

"ह्येच ते!" आजी ओरडल्या. "माझ्या कोंबडीकडं तोंड वाकडं करत हुते!"

"मी... मी परीक्षक आहे," ते म्हणाले.

"आता संपर्क हायेत तुमी," मंदाने विलगीकरणाच्या खोलीचे दार उघडले. "चला साहेब. नियम म्हंजे नियम."

ते मुकाट आत गेले. चहाचा कप आम्ही खराट्याने ढकलत त्यांच्या दारापर्यंत पोचवला. चारला पाच मिनिटे असताना खिडकीच्या गजांतून अहवाल बाहेर आला: "चारही संपर्क सापडले. पैकी एक विनाविलंब विलगीकरणात." सुनंदाने तो कागद दोनदा वाचला आणि मला झग्यासकट मिठी मारली. मग आम्ही जेवलो. नवा तांदूळ होता, वाफेलाही चव होती.

संध्याकाळी परतीच्या टमटममध्ये बसले, तेव्हा मनात आले की आजवरच्या माझ्या प्रवासवर्णनांत डोंगर होते, नद्या होत्या, चांदणे होते; शेजारी बसलेला माणूस मात्र नेहमी वाक्याच्या कडेवरून खाली पडायचा. वही उघडली आणि त्या दिवसाची नोंद केली. वडेवाली: हात उबदार. टमटमवाला: हसरा. आजी: कोंबडीसह. परीक्षक: कान.

शेवटी जरा थांबून लिहिले: वारा. डोंगराकडचा, संपर्क दिवसभर. नंबर विचारला, दिला नाही.