कानबाई ज्या दारात थांबली

त्या वर्षी श्रावण लागला तेव्हा मी देवासमोर उभा राहायचो, पण हात जोडले जात नव्हते. माझी धाकटी बहीण सुमन उन्हाळ्यापासून घरी नव्हती. तेरा वर्षांची पोर. ओळखीची म्हणवणारी एक बाई गावात आली आणि सावद्याला केळीच्या वखारीत काम आहे, खाऊनपिऊन पैसे मिळतील, असे सांगून तिला घेऊन गेली. मी तेव्हा दीपनगरला नोकरीला नवीनच लागलो होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, त्यामुळे सगळ्यांची समजूत अशी की आता आपल्याला कोणी फसवू शकणार नाही. सावद्याला जाऊन मी एकेक वखार पालथी घातली. तिथे त्या बाईला कोणी ओळखतही नव्हते. पोलिसात तक्रार दिली. तपास चालू आहे, एवढेच प्रत्येक वेळी ऐकून परत यायचो.

पाचोऱ्याजवळच्या आमच्या गावात मात्र सुमन मावशीकडे गेली आहे असेच आम्ही सांगत होतो. आई कोणाला खरे बोलू देत नव्हती. तिच्या भीतीचे कारण मला समजत होते, पण त्या खोट्याने घर आतून पोखरत चालले होते. शेजारीण सुमनची चौकशी करायची, आई हसून उत्तर द्यायची आणि मग चुलीपुढे जाऊन बसायची. असे कोणाच्या घरी घडू नये.

कॅसेटचे दिवस होते ते. धुळ्याच्या यमुनाअक्कांची कानबाईची गाणी खानदेशात चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत वाजायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाईमाता बसते आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाते. त्या सुमाराला अक्कांना इतक्या गावांची बोलावणी यायची की मंडळे ताटकळत राहायची. मी ऐकले ते असे : कुठल्याशा कार्यक्रमात गाण्याची फर्माईश करायला एक म्हातारे बाबा माइकजवळ आले आणि गाण्याऐवजी आपल्या हरवलेल्या लेकीबद्दल म्हणाले, "अक्का, मन्ही आंडेर हरायेल शे, तिनं नाव ल्या." अक्कांनी नाव घेतले. तेव्हापासून बक्षीस देणाऱ्यांची नावे पुकारायचे त्यांनी बंदच केले. दोन गाण्यांच्या मध्ये त्या हरवलेल्या, कामाच्या नावाखाली नेलेल्या मुलामुलींची नावे घ्यायच्या, आणि पोरे अनोळखी माणसाबरोबर धाडू नका म्हणून हात जोडून सांगायच्या. बोलावणे स्वीकारताना त्यांची तेवढी एकच अट असायची.

मी त्यांना पाचोऱ्याला भेटलो आणि घरी घेऊन आलो. आई दारातच अडून बसली. "माइकवर नाव पुकारशी, मंग तिनं लगीन कोन लावी?"

अक्का उंबऱ्यावर तिच्याशेजारीच बसल्या. म्हणाल्या, "लगीन लावाले पोर घर येवाले पाहिजे ना वं माय?"

आई आधी रागावली, मग रडली. कितीतरी दिवसांनी ती माणसांदेखत रडली. मग तिने सुमनचे वर्णन सांगितले आणि शेवटी म्हणाली, "तुमनी बठ्ठी गाणी तिले पाठ शेतस."

अमळनेर, चोपडा, पारोळा... त्या श्रावणात सुट्टी टाकून मी अक्कांच्या मागे फिरलो. कुठूनही काही कळले नाही. कानबाईच्या रविवारी त्यांचा कार्यक्रम सुरतला होता. गिरण्यांमध्ये कामाला गेलेली आपली माणसे तिथे वस्त्याच्या वस्त्या करून राहिली आहेत आणि कानबाई इथल्याइतकीच थाटात बसवतात. "चाल, तठेबी आपलीच लोके शेतस," अक्का म्हणाल्या. मी गेलो खरा, पण मनात श्रद्धा नव्हती. घरी परतून आईला काय सांगायचे, हा प्रश्न टाळण्यासाठी गेलो.

सोमवारी सकाळी मिरवणूक निघाली. पुढे वाजंत्री, मध्ये डोक्यावर कानबाईचे चौरंग घेतलेल्या सवाष्णी, मागे हातगाडीवर भोंगा आणि माइक हातात धरून चालणाऱ्या अक्का. मी बूट घालूनच चाललो होतो. ढोलकीवाल्या नानांनी हटकले, "साहेब, बूट काढा. मायनी मिरवणूक शे, तुमनं ऑफिस नही." सगळे हसले. मी बूट काढून गाडीवर ठेवले.

अक्का प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वाजंत्री थांबवायच्या, नावे घ्यायच्या, गाण्याची एक ओळ म्हणायच्या आणि तिच्या जोडीची ओळ कोणी म्हणायची नाही असे बायांना बजावून, कुठून उत्तर येते का ते ऐकत उभ्या राहायच्या. मंडळाचे अध्यक्ष वैतागले. "अक्का, सणना दिन शे. हरायेल पोरीसना नाव कसाले लेतस?"

"मायले नही सांगू ते कोनले सांगू, भाऊ?"

तीन-चार गल्ल्या तशाच गेल्या. प्रत्येक वेळी सुमनचे नाव भोंग्यातून निघायचे, भिंतींना लागायचे आणि विरून जायचे. नंतर नंतर मी खाली पाहून चालू लागलो.

एका अरुंद गल्लीत अक्कांनी सुमनचे नाव घेतले, तिचा भाऊ सोबत आल्याचे सांगितले, ओळ म्हटली आणि त्या थांबल्या. वरच्या मजल्यावरच्या बंद खिडकीमागून एका पोरीच्या आवाजात जोडीची ओळ आली. बारीक, कापरा आवाज, पण ओळ पुरी म्हटली. अक्कांनी पुढची ओळ म्हटली. पुन्हा आतून उत्तर आले.

चौरंग घेतलेली पहिली सवाष्ण त्या घरासमोर उभी राहिली ती हलेनाच. आमच्याकडे रीत आहे : कानबाई दारासमोर थांबली की त्या घरच्या बाईने पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर यायचे, चौरंगवालीच्या पायांवर पाणी घालायचे. देवीला दारातून कोरडी कोणी पाठवत नाही. बाया हाका मारू लागल्या, "माय दारशी उभी शे वं, पानी लयी ये!" दार बंदच होते. गर्दी वाढली. माझ्या मनात आले, दार तोडावे. नानांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला जागीच धरले.

थोड्या वेळाने कडी वाजली. एक प्रौढ बाई तांब्या घेऊन बाहेर आली. तिने डोक्यावर पदर घेतला होता आणि तांब्यातले निम्मे पाणी तिच्याकडून उंबऱ्यावरच सांडले. ती आपल्याच मुलखातली होती. नसती, तर ते दार उघडलेच नसते. ती पाणी घालायला वाकली आणि तिच्या बाजूने पाच-सहा बाया जिना चढून वर गेल्या. मिरवणुकीबरोबरचे पोलीस त्यांच्या मागोमाग धावले.

वरून कडी फोडल्याचा आवाज आला. मग बाया एका पोरीला घेऊन खाली उतरल्या. ती सुमन नव्हती.

त्या क्षणाबद्दल लिहिताना अजूनही हात थांबतो. एक लेकरू सुटले होते, बाया तिच्या तोंडावरून हात फिरवत होत्या, आणि मी भिंतीला टेकून मनातल्या मनात देवीला म्हणत होतो, ही नाही, मी हिला मागितले नव्हते. तेवढ्यात त्या पोरीने गर्दीत इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "सुमनना भाऊ कोन शे?"

मी पुढे झालो.

"ती मझार शे," तिने वरच्या खोलीकडे बोट दाखवले. "ताप शे तिले. आवाज बशी जायेल शे."

मी जिना कसा चढलो ते आठवत नाही. खोलीच्या कोपऱ्यात गोधडीवर सुमन पडली होती. डोळे उघडे होते. तिने ओठ हलवले, शब्द निघाला नाही. मी तिला उचलले तेव्हा ती पाचवीतल्या पोरीइतकी हलकी लागली. त्याच संध्याकाळी त्या दोघींना लांबच्या मुलखात लग्नाच्या नावाने देऊन टाकायचे ठरले होते, हे पुढे पोलिसांकडून कळले. ती तांब्यावाली बाई आणि तिची माणसे पकडली गेली. कानबाई मात्र त्या दिवशी उशिरा नदीवर पोहोचली आणि त्याबद्दल कोणीही कुरकुर केली नाही.

ताप उतरेपर्यंत सुमनला तिथल्याच सरकारी दवाखान्यात ठेवले. दुसऱ्या मुलीचे नाव कमल. साक्रीकडची. तिचे आईबाप मजुरीसाठी गावोगाव फिरत होते आणि लेक एका चांगल्या घरी कामाला आहे असेच त्यांना सांगितले गेले होते. त्यामुळे तिला कोणी शोधतच नव्हते. तिचे नाव ना पोलिसांकडे होते, ना अक्कांकडे. पुढे आईबापांचा पत्ता लागेपर्यंत ती धुळ्याच्या बालगृहात राहिली. माझी आई महिन्याला तिला भेटायला जायची, दोन्ही पोरींना सारख्याच कापडाचे फ्रॉक शिवायची आणि कमलचा सोबत न्यायची.

दवाखान्यात सुमनच्या उशाशी बसलेल्या कमलला मी एकदा विचारले, "तुझे नाव तर कोणी घेतले नव्हते. मग तू ओळ कशी म्हटलीस?"

तिला माझा प्रश्न वेडगळ वाटला असावा. "सुमननं नाव लिधं ना. तिले बोलता ये नही. मंग कोनीतरी बोलाले पाहिजे. गानं तिनीच मले शिकाडेल शे."

मी पुष्कळ शिकलो, पण प्रार्थना कशी करावी ते मला त्या दिवशी समजले. मी देवीला नेमके सांगत होतो : हीच पोर, अशीच, लवकर. तिने माझे म्हणणे ऐकले की नाही, यावर मी तिची परीक्षा घेत होतो. आणि देवी माझ्याकडे येत होती एका अशा लेकराच्या आवाजातून, ज्याच्यासाठी मी कधी हात जोडले नव्हते. हा चमत्कार होता का, हे मला ठरवता येत नाही आणि आता ठरवावेसेही वाटत नाही. रीत होती, गाणे होते, एका बाईच्या मनातला देवीचा धाक होता, एका बाईची कीर्ती चांगल्या कामी लागली होती. या सगळ्याला एका सकाळी एका दारात कोणी आणले, तेवढे मी तिच्यावर सोडून दिले आहे.

त्यानंतर अक्कांच्या नावे घेण्यात एक ओळ वाढली. सगळी नावे संपली की त्या क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "आनि ज्यासना नाव आम्हले कोनी सांगेल नही, पोरीसवन, तुम्हीबी ओ द्या." जमेल त्या वर्षी मी त्यांच्या बरोबर जातो. बहुतेक ठिकाणी उत्तर येत नाही. तरी त्या ओळीपाशी माझे हात आपोआप जुळतात आणि नाव माहीत नसलेल्या लेकरासाठी मी कान देऊन उभा राहतो.