तपासलेली माती

माती तपासणाऱ्या त्या संस्थेत त्यांना सगळे उपासमामा म्हणत. मामा स्वतः एका वेळचंही जेवण चुकवत नसत. उपास घडायचा तो गांडुळांना. शेतांतून, नाल्यांच्या काठांवरून, कारखान्यांच्या भिंतीलगतून खणून आणलेली गांडुळं मामा हलक्या हाताने धुवायचे, काचेच्या बशीत ओल्या कागदावर ठेवायचे आणि दोन दिवस काही खायला द्यायचे नाहीत. रोज सकाळी कागद बदलायचा, नाहीतर ही मंडळी स्वतःचीच विष्ठा पुन्हा खातात. दोन दिवसांत पोटातली माती निघून जाते. त्यानंतर जे विष सापडतं ते अंगात मुरलेलं असतं.

मग गांडुळं गोठवायची, वाळवायची, ॲसिडमध्ये विरघळवायची. ते पाणी बाटलीत भरून चिठ्ठी लावली की मामांचं काम संपलं. बाटली वरच्या मजल्यावर मॅडमकडे जायची, तिथल्या यंत्रातून आकडा निघायचा, आणि तो किती आला हे विचारायला मामा कधी जिना चढले नाहीत. अशी सव्वीस वर्षं झाली. या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि चिठ्ठी चुकली असं एकदाही झालं नव्हतं.

यंदा मात्र अडचण आली. तुलनेसाठी एका स्वच्छ जागेची गांडुळं लागायची. ती ज्या बागेतून आणत तिथे इमारत उभी राहिली.

"मामा, दुसरी एखादी चांगली जागा बघा ना," मॅडम म्हणाल्या.

"बघायची कशाला? आमच्या घरामागे आहे की."

घरामागची जागा म्हणजे मामींचं राज्य. अकरा वर्षांपूर्वी घर घेतलं तेव्हा मागे नुसते दगडगोटे होते, कुदळ मारली की ठिणगी उडायची. नेमकं तेव्हाच संस्थेचं गोदाम रिकामं करायचं निघालं. वेगवेगळ्या ठिकाणांहून आणलेली, तपासणीनंतर उरलेली माती पोत्यांत भरून ठेवली होती, ती फेकून देणार होते. काळीभोर, भुसभुशीत माती. मामांच्या जिवावर आलं. स्कूटरवर पायांशी एकेक पोतं ठेवून त्यांनी नऊ पोती घरी आणली. "साधीसुधी नाही, तपासलेली माती आहे," असं त्यांनी मामींना सांगितलं, आणि मामींनी ते सगळ्या शेजारणींना सांगितलं. तपासलेली म्हणजे पास झालेली, असं दोघंही धरून चालली. तपासात ती कशी निघाली होती, ते वरच्या मजल्यावरच राहून गेलं.

त्या मातीत पालक असा माजला की दारापर्यंत आला. दर रविवारी लेक यायची आणि पिशवी भरून पालक न्यायची. तिची मुलगी आता सहा वर्षांची आहे. तिने दात यायच्या आधीपासून त्याच पालकाचं पाणी प्यायलं होतं. आणि गांडुळं तर करंगळीएवढी जाड. मामींना त्यांचा भारी अभिमान. संस्थेसाठी त्यांनी स्वतः पंधरा निवडून डब्यात घातली.

"अहो, नीट न्या हं. माझ्या घरची माणसं आहेत."

पुढे त्यांचं काय होतं हे मामींनी विचारलं नाही आणि मामांनीही सांगितलं नाही.

शुक्रवारी मॅडमनी मामांना वर बोलावलं. टेबलावर एक कागद होता.

"मामा, तुमच्या घरच्या गांडुळांत कॅडमियम निघालंय. बॅटरीच्या कारखान्यामागच्या गांडुळांत आहे, जवळजवळ तेवढंच. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली का?"

मामांनी कागदाकडे पाहिलं.

"झाली असेल," ते म्हणाले. "नाहीतर उपास नीट झाला नसेल. परत लावतो."

न केलेली चूक त्यांनी अशी पटकन पदरात घेतली. जिन्याशी जाऊन ते पुन्हा मागे आले.

"पण मॅडम, गांडुळं चांगली धडधाकट होती."

"असतातच. हा धातू त्यांना सहजी बाहेर टाकता येत नाही. मग अंगातच एका कोपऱ्यात बांधून ठेवतात आणि जगतात. त्यांचं काही बिघडत नाही लगेच."

शनिवारी पहाटे, मामी उठायच्या आत, मामांनी स्वतः खणून गांडुळं काढली आणि उपासाला बसवली. रविवारी सकाळी संस्थेत जाऊन कागद बदलून आले, तोवर लेक आलेली होती. मामींनी पालक कापला, धुतला, पिशवीत भरला. मामा खुर्चीत बसून बघत होते. अजून आकडा कुठे आलाय, चिठ्ठीच चुकली असेल, उगाच दोघींना घोर कशाला लावायचा, असं ते मनात घोळवत राहिले.

"बाबा, आज गप्प गप्प?" लेकीने पिशवी उचलत विचारलं.

"काही नाही गं. झोप नीट झाली नाही."

बुधवारी आकडा आला. तोच. दशांशात काय तो फरक.

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मामा, ही माती आणली कुठून?"

"इथूनच."

मग मॅडमनी विचारलं, "तिथली भाजी खाणारं घरात लहान कोणी आहे?"

"नात आहे."

"तिचं रक्त तपासून घ्या. तुम्हा सगळ्यांचंच घ्या."

मामा घरी आले तेव्हा मामी वाफ्याला पाणी घालत होत्या. मामांनी चपला न काढता, उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आवाज असा निघत होता की दुसऱ्याच कोणाच्या घरची गोष्ट सांगताहेत. मामींनी नळ बंद केला.

"मग गांडुळं मेली कशी नाहीत?"

"ती मरत नाहीत. साठवतात."

मामींनी हात धुतले. हातांकडे पाहिलं, परत धुतले.

"तपासलेली होती ना हो?"

"तपासलेलीच होती," मामा म्हणाले.

मामी आत जाऊन बसल्या. मामांनी लेकीला फोन लावला. "उद्या छोटीला घेऊन ये. रक्त तपासायचंय. तुझंही."

"का? काय झालं बाबा?"

"आल्यावर सांगतो."

"बरं. तिला उपाशीपोटी आणू का?"

"नको," मामा म्हणाले. "पोटभर खाऊ घालून आण. आणि ऐक, तो रविवारचा पालक उरलाय का गं?"

"तो कुठला उरतोय?" लेक हसली. "तुमच्या नातीने सोमवारीच फस्त केला."