गवळदरीच्या डोंगराची पुरेशी माहिती

‘इसम नामे मुंजाबा सोनाजी, वय अंदाजे पंचावन्न, शिक्षण निरंक, पद कंत्राटी पहारेकरी, गवळदरी निसर्ग पर्यटनस्थळ. सदर इसमास डोंगराविषयी पुरेशी माहिती नसल्याने त्यास कामावरून कमी करण्यात येत आहे.’

गवळदरी वेरूळच्या पलीकडं, नऊ किलोमीटरवर. डोंगर पर्यटनस्थळ ठरला तेव्हा मेंढरांमुळे सौंदर्यास बाधा येते, असं आढळलं. तारेचं कुंपण आलं, चराई बंद झाली. मुंजाबानं मेंढरं विकली आणि त्याच कुंपणाच्या फाटकावर नोकरी धरली. घरात दुसरी मिळकत नव्हती. अट एकच: अभिप्राय वहीत तीन तक्रारी आल्या की घरी.

फाटकाशेजारी भलामोठा फलक लागला. त्यावर दुधासारख्या ढगांतून वर आलेले सुळके, एका सुळक्यावर वाकडं सुरूसारखं झाड. फलकामागं खरा डोंगर, बसका आणि बोडका.

“चाचा, ये झाड किधर है?” शहरातली मंडळी विचारत.

“तसलं झाड इथं नाय. ढग बी नायत. बोर्डावरचा ह्यो डोंगर आमचा नायच.”

खरं बोलायची सवय त्याला मेंढरांमुळे लागली असावी. त्यांच्याशी खोटं बोलून काही मिळत नाही. दोन तक्रारी पडल्या. दोन्हींत ‘पहारेकरी उद्धट आहे’.

मग वेरूळची लेणी बघून एक चिनी पाहुणा आला, सोबत गाईड सांडू. पाहुणा फलकासमोर थबकला आणि मोबाइलमधला फोटो दाखवू लागला. तेच झाड, खाली तो आणि त्याची बायको.

“मामा,” सांडू म्हणाला, “हा म्हणतो, हा डोंगर त्याच्या शहराजवळचा. चीनमधला.”

“मी काय सांगत व्हतो! आरं, इचार त्याला, तिकडं बोर्डावर आमचा लावलाय का?”

सांडूनं विचारलं. पाहुणा पोट धरून हसला. मुंजाबानं वही पुढं केली. “म्हणावं, खरं काय ते लिहा.” पाहुण्यानं पानभर लिहिलं, चिनीत.

महिनाअखेरीस साहेबांनी वही तपासली. “हे काय?”

“माझ्या बाजूनं लिहिलंय, साहेब.”

“तुला चिनी येतं?”

“नाय. पण लिहिताना हसत व्हता. सांडूला इचारा की.”

“पानभर आहे म्हणजे तक्रारच. चांगलं लिहायला लोकांना एक ओळ पुरते.”

सांडूला विचारण्याची तरतूद नियमात नव्हती.

फलक अजून आहे. फाटकावरचा नवा माणूस ‘झाड पावसाळ्यात दिसतं’ असं सांगतो. त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नाही.

मुंजाबाची आई बानाबाई मेंढरं चारायला गेली असताना याच डोंगराच्या कपारीत बाळंत झाली होती. ते मूल म्हणजे मुंजाबा.