दाजींबरोबर पाहिलेली हाणामारी

सिनेमा कसा पाहावा हे मला कुणी शिकवलेलं नाही. कॅमेरा कुठं ठेवला, दिग्दर्शकाला काय म्हणायचंय, हे मला कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीत आठवडाभर प्रेस मशीनसमोर उभं राहिलं की सुट्टीच्या दिवशी मला एकच बघावंसं वाटतं, कुणीतरी कुणाला तरी चांगलं बदडून काढलेलं.

त्यातही साउथचे, हिंदीत डब केलेले सिनेमे माझ्या लाडाचे. नायक एक गुद्दा घालतो आणि सातजण हवेत उडतात, टेम्पो उलटतो, मागची भिंत पडते. आमच्या कारखान्यातले शहाणे म्हणतात, असं कुठं असतं का? नसतंच. असतं तर मी तिकीट काढून कशाला गेलो असतो?

मुंबईतल्या टोळ्यांचे सिनेमे मला तितकेसे पटत नाहीत. कपाळाला पिस्तूल लावून गुंड इतका वेळ भाषण ठोकतो, की तेवढ्यात आमच्या बेलापूरचा माणूस पळत श्रीरामपूर गाठेल. तलवारींच्या सिनेमात मुंडकी छान उडतात, पण मुंडकं उडालेल्याच्या आजूबाजूचे लोक न्हाऊनमाखून आल्यासारखे दिसतात. भुताच्या सिनेमात मला झोप येते. भूत दिसत नाही तोवर जरा बरं, दिसलं की ती पावडर थापलेली बाई निघते.

आणि ते कौटुंबिक सिनेमे. त्यात एक ठरलेली जागा असते. नवरा बायकोच्या मुस्काटात ठेवून देतो, संगीत एकदम थांबतं, ती गालाला हात लावून त्याच्याकडे बघत राहते. पुढच्या गाण्यात त्याला पश्चात्ताप होतो आणि शेवटी दोघं हसत देवळाच्या पायऱ्या उतरतात. पूर्वी ही जागा आली की मी वडापाव आणायला बाहेर जायचो. आता घरात टीव्हीवर असलं काही लागलं तर मी उठून बंद करतो. त्याचं कारण माझे दाजी.

दाजी म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. श्रीरामपूरच्या पलीकडं त्यांचं गाव, एका कापूस व्यापाऱ्याकडं टेम्पो चालवतात. माझी सिनेमाची जोडी त्यांच्याशीच जमली. मोटारसायकलवरून नगरला जायचं, पुढच्या रांगेत बसायचं, नायक आला की दाजींनी दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारायची की शेजारच्याच्या हातातले पॉपकॉर्न सांडावेत. येताना ते सगळी फायटिंग पुन्हा करून दाखवायचे आणि ती सिनेमातल्यापेक्षा चांगली असायची. मला हा माणूस फार आवडायचा.

गेल्या नागपंचमीला मी मुराळी म्हणून बहिणीला आणायला गेलो. सणाला लेकीला सासरहून घेऊन येणाऱ्या भावाला आमच्याकडं मुराळी म्हणतात. दाजी टेम्पो घेऊन बाहेर गेले होते. बहीण डोक्यावरून घट्ट स्कार्फ बांधून आली. रस्त्यात मी मागं वळून काही विचारलं की ती “व्हय, व्हय” करायची. मला वाटलं, वारं लागतंय.

त्या संध्याकाळी घरातले सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. तिनं आवाज इतका वाढवला की आई ओरडली, “अगं, शेजारी येतील भांडायला!” मी तिच्या डाव्या बाजूला होतो. म्हटलं, कमी कर. तिनं ऐकलं नाही. पुन्हा म्हटलं, तरी नाही. मग मी खांद्याला हात लावला, तर ती केवढी दचकली, आणि दोन्ही हात तोंडापुढं धरून बसली.

मग एकेक बाहेर पडलं. दाजी मोबाईलवर हाणामारीचा सिनेमा बघत होते. शेवट चालला होता. तिनं मध्येच विचारलं, वाढू का. त्यांनी न बघताच कानाखाली जाळ काढला. पहिल्यांदा नव्हे. पण या वेळी डाव्या कानातून रक्त आलं आणि नंतर त्या कानात आवाज यायचे थांबले. दुसऱ्या दिवशी मी तिला श्रीरामपूरला नेलं, तिथल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, पडदा फाटलाय, आत जंतुसंसर्गही झालाय, ऐकू येईल याची खात्री देत नाही. माझ्या अंगाची आग आग झाली.

ती म्हणाली, “मला आता जायचं न्हाई तिकडं. पन तुमी कुनी मधी बोलू नका. बैठकीत मी सांगते.”

दोन दिवसांनी दाजी, त्यांचे वडील आणि गावातले दोन जाणते तिला न्यायला आले. आमच्याकडून मामा-मामींना बोलावलं होतं. मंडळी पाय धूत होती. दाजी माझ्याकडं बघून हसले आणि म्हणाले, “नवा लागलाय नगरला. लई मारामारी हाय म्हनं.”

खऱ्या मारामारीबद्दल माझं मत असं, की तिला तिकीट लावलं तर लोक पैसे परत मागतील. माझा पहिला ठोसा त्यांच्या नाकावर बसला आणि माझंच बोट मोडल्यासारखं कळवळलं. दुसरा हुकला. चप्पल निसटली, मी त्यांच्यावर पडलो, दोघं अंगणातल्या चिखलात. त्यांच्या नाकातलं रक्त माझ्या तोंडात गेलं. मी गळा धरला आणि ओरडलो, “जित्ता सोडत न्हाई तुमाला!” गळा दाबतानासुद्धा अहोजाहो सुटलं नाही. त्यांचे डोळे बाहेर आले, पाय झाडले गेले आणि ते बघून मला बरं वाटत होतं. चौघांनी मिळून मला ओढून काढलं. मला धाप लागली होती, मागं संगीत वगैरे काही नव्हतं. फक्त आई रडत होती.

मग ओसरीवर बैठक बसली. सिनेमात भावानं बदडलं की बहिणीला न्याय मिळतो. इथं दाजींचे वडील मुलाचं सुजलेलं नाक दाखवून म्हणाले, “त्यानं मारलं, यानं मारलं. फिटंफाट झाली. आता कुनाचं कुनावर काय राहिलं?” जाणत्यांनी माना डोलावल्या. मामासुद्धा म्हणाले, “तसंच धरू या. पोरीला किती दिवस ठिवनार?”

बहिणीनं माझ्याकडं असं बघितलं की मला जागेवर बसवेना. “दादा, तुला कुनी सांगितलं हुतं? माझा मार तू तुझ्या मारात घालवलास.”

तिचं बरोबर होतं. तिच्या कानाबद्दल आता कुणी विचारतच नव्हतं, सगळे दाजींच्या नाकाला बर्फ आणा म्हणत होते.

ठरलं असं, की दाजींनी बेलभंडारा उचलायचा, म्हणजे बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन सगळ्यांसमोर शपथ घ्यायची. एकदा बेलभंडारा उचलला की बोलणी संपतात, आई ओटी भरते आणि लेक निघते. मामींनी तोवर तिची पिशवी भरून दारात आणून ठेवली. ताम्हन आलं. दाजींनी पान आणि भंडारा उचलला. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं होतं असं मला आजही म्हणवत नाही.

“थांबा,” बहीण म्हणाली. ती त्यांच्यासमोर येऊन बसली, स्कार्फ सोडला, डाव्या कानातला कापसाचा बोळा काढला. तो पिवळा झाला होता. “शपथ माझ्यासाठी घेताय ना? मग या कानात सांगा.”

दाजी वडिलांकडं बघू लागले. ते म्हणाले, “सांग की. त्यात काय?” दाजी वाकले. तिच्या कानाला तोंड लावून बराच वेळ बोलत राहिले. पुन्यांदा हात उचलनार न्हाई, असं काहीतरी आमच्यापर्यंत येत होतं. नाकातून थेंब थेंब गळत होतं, ते तिच्या खांद्यावर पडत होतं. ती हलली नाही.

ते सरळ झाले तेव्हा मामांनी विचारलं, “झालं ना आता? ऐकलंस ना?”

“न्हाई मामा. काहीच आलं न्हाई.”

मग एक जाणता खाकरला आणि म्हणाला, “मंग दुसऱ्या कानात सांगू दे त्याला. त्यात काय एवढं?”

“त्या कानात लई येळा सांगून झालंय त्यांचं,” ती म्हणाली, आणि उठून दारातली पिशवी उचलून आत घेऊन गेली.