दगडामागची फट

गाव सोडताना घरच्यांनी सांगितलेलं एक तरी वाक्य तुम्ही इथं पाळलंत का?

मला अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एकच सांगितलं होतं. उदगीरच्या स्टँडवर एसटी सुटायच्या बेतात होती. आईनं भाकरी बांधून दिल्या आणि अण्णा खिडकीशी येऊन म्हणाले, "कागद दिसला की वाचायचा. वाचल्यावर गप बसायचं नाही." आमच्या घरी भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त होती, मजुरांच्या हक्कांची, पाण्याच्या मागणीची. मी अक्षरं शिकलो ती त्यांवरच.

तळवड्यात दगडकामाच्या दुकानात लागलो. तिथले मुख्य फिटर दत्ताभाऊ, मावळातले. त्यांनी मला काम शिकवलं, पिंपळे गुरवला खोलीही मिळवून दिली. आमचं काम बहुतेक स्वयंपाकाच्या ओट्यांचं. ओट्याला फट ठेवायची नाही. फट राहिली की झुरळं होतात आणि फिटरची अब्रू जाते.

गेल्या हिवाळ्यात चाकणजवळच्या एका बंगल्यात वेगळंच काम निघालं. घरमालकीणबाई बरीच वर्षं परदेशात राहून परतलेल्या. दिवाणखान्याच्या भिंतीत त्यांनी गॅसवर पेटणारी शेकोटी बसवून घेतली होती. तिच्याभोवती दगडी चौकट आणि वर दगडी फळी आम्ही लावायची होती.

"चाकणला शेकोटी? हितं पंखा बंद केला तर मानूस उकडतंय," दत्ताभाऊ म्हणाले. मी हसलो. पण लांबून आलेला माणूस सोबत काय काय आणतो, हे मला ठाऊक होतं. आईनं दिलेल्या काळ्या मसाल्याचा डबा मी उगाच उघडून हुंगायचो.

चौकट सुरेख बसली. दत्ताभाऊंनी चौकटीच्या खालची आणि वरची फट पांढऱ्या सिमेंटनं अशी बुजवली की नख शिरू नये. नंतर खोकी आवरताना शेकोटीचा माहितीकागद हाती आला. त्यात लिहिलं होतं: खालची फट हवा आत यायला, वरची उष्णता बाहेर पडायला. बुजवल्यास खोलीत विषारी वायू साचू शकतो.

मी तो आधी दत्ताभाऊंना दाखवला.

"फट ठिवली तर लोक म्हनत्याल, दत्तूला जोड जमंना."

"भाऊ, उद्या गॅसवाला येऊन पेटवणार आहे."

"बाईला आज बोलू नगंस. बघू मंग."

मी बाईंना सांगितलं. त्यांनी कागद वाचला आणि फटी उघडायला लावल्या. उघडताना फळीला तडा गेला. दत्ताभाऊ आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी बरोबर होतो, एवढंच मला कळत होतं.

नवव्या दिवशी सकाळी ते मला कामावर न्यायला खोलीवर आले. पाय धुवायला न्हाणीघरात गेले आणि माझा जुना बनियन घेऊन बाहेर आले. थंडी लागते म्हणून खोलीत राहणाऱ्या आम्ही तिघांनी तो न्हाणीघराच्या खिडकीच्या जाळीत कोंबला होता. त्याच भिंतीवर आमचा गॅसचा गिझर होता.

"वकीलसाहेब, लोकांच्या घरचे कागद वाचता. ह्यो गिझरवरचा वाचलाय का?"

वाचला नव्हता. त्यावरही हवेची वाट बुजवू नका, असंच लिहिलं होतं. आमचं बोलणं तिथून पुन्हा सुरू झालं.

गावच्या पत्र्याच्या घरात वारा कुठूनही यायचा, कुणाला विचार करावा लागला नाही. इथं तो करावा लागतो. रात्री झोपलेली सगळी माणसं जिथं सकाळी उठतात, त्या जागेला मी आता घर म्हणतो.

इथं आलेल्यांनो, आज तुमच्या न्हाणीघराची जाळी मोकळी करा, आणि मालकाच्या मागं लागून गिझर बाहेर हलवून घ्या. गावी राहिलेल्यांनो, पोराला फोन कराल तेव्हा जेवलास का विचारण्याआधी जाळी उघडी आहे का, ते विचारा.